‘सर्वत्र आढळतो’ या शेऱ्याची चिकित्सा : नेक्रोबिया रूफिपेस या भुंगेऱ्याची ओळख व प्रसार, परळी वैजनाथच्या संदर्भात

प्रस्तावना

कीटकविषयक कोणत्याही नोंदीत दोन विधाने असतात. हा कीटक अमुक जातीचा आहे, हे पहिले विधान. ती जात अमुक ठिकाणी आढळते, हे दुसरे. नावीन्य दुसऱ्या विधानात असल्यामुळे वाचकाचे व संपादकाचे लक्ष तिकडे जाते. वस्तुतः दुसरे विधान सर्वस्वी पहिल्यावर उभे असते. ओळख चुकली तर प्रसाराची नोंद नुसती अपुरी राहत नाही, ती असत्य ठरते. आणि एका सूचीतून दुसऱ्या सूचीत उतरवली जात असता तिला वयोमानाने प्रतिष्ठा प्राप्त होते.

प्रस्तुत लेखात क्लेरिडी या कुलातील नेक्रोबिया रूफिपेस या लहानशा भुंगेऱ्याच्या निमित्ताने या दोन विधानांमधील नाते तपासण्याचा प्रयत्न केला आहे. हीच जात निवडण्यास कारणे तीन. एक, सुके खोबरे हे तिचे एक प्रमुख खाद्य आहे आणि परळी वैजनाथसारख्या तीर्थक्षेत्राच्या बाजारपेठेत ते बाराही महिने येते. दोन, तिची ओळख सोपी समजली जाते. तीन, तिच्या प्रसाराबद्दल बहुतेक ग्रंथ ‘जगभर आढळते’ एवढेच सांगून थांबतात. सोपी ओळख आणि सर्वव्यापी प्रसार या दोन समजुती एकत्र आल्या म्हणजे पुरावा मागण्याची गरज कोणालाच वाटत नाही. हीच वृत्ती या लेखाचा चिकित्सेचा विषय आहे.

परिभाषेसंबंधी एक खुलासा आवश्यक आहे. येथे ‘जाती’ हा शब्द द्विनामातील दोन्ही पदांनी दर्शविल्या जाणाऱ्या एककासाठी, तर ‘प्रजाती’ हा त्यावरील गटासाठी, म्हणजे येथे नेक्रोबिया या गटासाठी, योजिला आहे. वृत्तपत्रे हल्ली जातीलाच प्रजाती म्हणतात. त्यामुळे ‘नवी प्रजाती सापडली’ या वाक्यातून नेमके काय सापडले याचा बोध होत नाही. ओळखीतील गोंधळाचा आरंभ कित्येकदा येथूनच होतो.

१. कुलाचे नाव आणि त्याची मर्यादा

क्लेरिडी कुलात आजवर साडेतीन हजारांच्या आसपास जातींचे वर्णन झाले आहे. इंग्रजीत या कुलाला ‘चेकर्ड बीटल्स’ म्हणतात. मराठीत त्यांना चौकडीचे भुंगेरे म्हणता येईल. कुलातील अनेक जातींच्या पाठीवर तांबडे, निळे, काळे वा पिवळे पट्टे व ठिपके असतात, त्यावरून हे नाव पडले. युरोपात मधमाश्यांच्या घरट्यांत वाढणारी ट्रायकोडस एपिएरियस ही जात तिच्या निळ्या-तांबड्या पट्ट्यांमुळे या नावाला पुरेपूर शोभते. नेक्रोबिया रूफिपेसच्या अंगावर मात्र ना चौकडी ना पट्टा. तिचे सर्वांग एकरंगी, धातूसारखे चकाकणारे निळे वा हिरवट निळे असते. कुलाच्या लोकप्रिय नावावरून जो विद्यार्थी तिला शोधावयास निघेल, त्याला ती हाती येऊनही सापडणार नाही.

कुलाची खरी लक्षणे नक्षीत नाहीत, शरीररचनेत आहेत. लांबट व काहीसे समांतर कडांचे शरीर, त्यावरील उभे केस, टोकाशी बहुधा गदेसारख्या फुगलेल्या शृंगिका आणि गुल्फांच्या खंडांखालील पातळ पाळ्या ही ती लक्षणे होत. यांतील एकही लक्षण नुसत्या डोळ्यांनी नीट दिसत नाही. किमान चांगले भिंग, आणि खात्रीसाठी सूक्ष्मदर्शक, लागतोच.

मराठीत या जातीला रूढ नाव नाही. ‘खोबऱ्यावरील भुंगेरा’ म्हणावे तर खोबऱ्यावर इतरही अनेक भुंगेरे येतात. पिठातील ट्रायबोलियम, करवतीसारख्या कडांच्या वक्षाचा ओरायझीफिलस आणि चामड्यावर वाढणारे डर्मेस्टिस हे त्यांपैकी काही. ‘तांबड्या पायांचा भुंगेरा’ म्हणावे तर तिच्याच प्रजातीतील दुसऱ्या एका जातीचे पायही तांबडे असतात. पहिले नाव अन्नावरून ओळख सांगते, दुसरे एका रंगावरून. दोन्ही सोयीची आहेत, पण निर्णायक एकही नाही.

२. ओळखीचा प्रश्न

मानवी व्यापाराबरोबर दूरवर पोहोचलेल्या नेक्रोबियाच्या जाती तीन. लिनियसने १७५८ साली वर्णिलेली नेक्रोबिया व्हायोलेसिया, फॅब्रिशियसने १७७५ साली वर्णिलेली नेक्रोबिया रूफिकॉलिस आणि त्याच वर्षी डी गीरने वर्णिलेली नेक्रोबिया रूफिपेस. तिघींमधील ढोबळ भेद पुढीलप्रमाणे सांगितले जातात. व्हायोलेसिया पूर्णतः निळी-जांभळी असून तिचे पाय व शृंगिका गडद रंगाच्या असतात. रूफिकॉलिसचे अग्रवक्ष आणि कठीण पंखांचा बुडाकडील भाग तांबूस-तपकिरी असतो व उरलेले पंख निळे असतात. रूफिपेसचे शरीर सर्वत्र निळे वा हिरवट, पाय तांबडे, शृंगिकांचे बुडाकडील खंड तांबूस आणि टोकाची तीन खंडांची गदा गडद असते. तिची लांबी साधारणपणे साडेतीन ते सात मिलिमीटर भरते.

कागदावर हा भेद इतका स्वच्छ दिसतो की पुढे काही तपासावे असे वाटत नाही. येथेच सावधगिरी हवी. वरील तिन्ही वर्णने प्रामुख्याने रंगांवर आधारलेली आहेत आणि रंग हे लक्षण अवस्थेनुसार बदलते. कोशातून नुकत्याच बाहेर पडलेल्या भुंगेऱ्याचे अंग फिके असते. जुन्या वा नीट न सुकविलेल्या नमुन्याचे पाय काळवंडतात. उघड्या बल्बखाली घेतलेल्या छायाचित्रात निळ्याचे हिरवे आणि तांबड्याचे तपकिरी होते. म्हणून रंगाच्या जोडीने शृंगिकेच्या गदेतील खंडांचे आकार, पंखांवरील टिंबांची रचना व केसांची ठेवण पाहणे, आणि शंका उरल्यास नराच्या जननांगाची तपासणी करणे, हाच मार्ग उरतो.

दुसरा धोका कुलाबाहेरचा आहे. शेतात व गवतावर आढळणारे अल्टिका प्रजातीचे पानभुंगेरेही लहान, निळे व चकाकणारे असतात. परंतु त्यांच्या शृंगिका दोऱ्यासारख्या असतात, त्यांना गदा नसते. मागच्या मांड्या फुगीर असतात व ते उडी मारतात. हा भेद प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यालाही दाखविता येतो. तथापि सूचीत केवळ ‘निळा चकाकणारा भुंगेरा’ असे वर्णन असेल तर तो नेक्रोबिया होता की अल्टिका, हे पुढच्या अभ्यासकाला कोणत्याही उपायाने ठरविता येणार नाही. नमुना जतन केलेला असेल तरच ते शक्य आहे.

२००३ साली पॉल हेबर्ट यांनी मांडलेल्या डीएनए बारकोडच्या कल्पनेने हा प्रश्न सुटला, असे मानण्याचीही सोय नाही. बारकोड दिलेल्या अनुक्रमाची तुलना संग्रहातील अनुक्रमांशी करतो. तेथील अनुक्रमाला नाव देणाऱ्याने मूळ नमुना चुकीचा ओळखला असेल, तर यंत्र तीच चूक अधिक आत्मविश्वासाने परत करते. तेव्हा या पद्धतीलाही शेवटी जतन केलेल्या नमुन्याचाच आधार लागतो.

३. सापडल्या जागेवरून नाव : एक जुना धडा

या प्रजातीच्या इतिहासातील दोन प्रसंग येथे उद्बोधक आहेत. प्रजातीचे नाव ग्रीक शब्दांवरून आले असून मृत आणि जीवन हे दोन्ही अर्थ त्यात एकत्र येतात. हे भुंगेरे सुकलेल्या शवांवर, हाडांवर व कातड्यावर आढळतात, हे त्याचे कारण.

इंग्रज कीटकशास्त्रज्ञ एफ. डब्ल्यू. होप यांनी १८३४ साली इजिप्तमधील ममींच्या डोक्यांत सापडलेल्या कीटकांविषयी लिहिताना त्यांतील एका भुंगेऱ्याला नेक्रोबिया मुमिएरम असे नाव दिले. पुढे ही स्वतंत्र जात नसून नेक्रोबिया रूफिपेसच असल्याचे मान्य झाले आणि होपचे नाव समानार्थी नावांच्या यादीत गेले. सापडलेली जागा विलक्षण होती, म्हणून कीटकही निराळा वाटला. शिवाय आणखी एक प्रश्न उरतो. ते भुंगेरे ममीत प्राचीन काळीच शिरले होते, की थडगे उघडल्यानंतर साठवणीत वा प्रवासात? नमुना कोठे सापडला यावरून त्याचे जीवन कोठे गेले, हे आपोआप सिद्ध होत नाही. परळीच्या संदर्भात हाच मुद्दा पुढे येणार आहे.

दुसरा प्रसंग याच्या नेमका उलट आहे. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात पिएर आंद्रे लात्रेय हे धर्मगुरू कैदेत होते. १७९४ साली बोर्दो येथील तुरुंगात त्यांच्या नजरेस एक भुंगेरा पडला. ती रूफिकॉलिस असल्याचे व ती सहसा न मिळणारी असल्याचे त्यांनी ओळखले. तपासणीस आलेल्या वैद्यामार्फत तो नमुना स्थानिक निसर्ग-अभ्यासकांपर्यंत गेला आणि त्यांच्या खटपटीने लात्रेय यांची सुटका झाली. पुढे ते युरोपातील अग्रगण्य कीटकशास्त्रज्ञ म्हणून ओळखले गेले. ही कथा बहुधा योगायोगाची गंमत म्हणून सांगितली जाते. तिचा खरा अर्थ वेगळा आहे. लात्रेय यांनी जागेवर विसंबून नाव दिले नाही. लक्षणे पाहिली, आणि मुख्य म्हणजे नमुना दुसऱ्या जाणकाराच्या हाती जाऊ दिला. ओळख पडताळण्याजोगी झाली, म्हणूनच ती त्यांच्या कामी आली.

४. ग्रंथपरंपरेने काय दिले, काय दिले नाही

भारतातील अभ्यासकाला या कुलासाठी आधार शोधावयाचा झाल्यास परिस्थिती फारशी अनुकूल नाही. ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालेत शिंगाड्या भुंगेऱ्यांवर गहान (१९०६), शेणकिडे व तत्सम भुंगेऱ्यांवर अ‍ॅरो, पानभुंगेऱ्यांवर जॅकोबी (१९०८) व मौलिक, सोंड्यांवर मार्शल (१९१६) यांचे खंड निघाले. क्लेरिडी कुलाला मात्र स्वतंत्र खंड मिळाला नाही. परिणामी देशातील सर्व जातींची लक्षणे एकत्र देणारी ओळख-किल्ली त्या मालेतून आपणास मिळालेली नाही.

ही उणीव वनकीटकांवरील ग्रंथांनी काही अंशी भरून काढली. स्टेबिंग यांचा १९१४ चा आणि बीसन यांचा १९४१ चा ग्रंथ आजही उपयोगी आहेत. परंतु त्यांची दृष्टी वनखात्याची आहे. लाकूड पोखरणाऱ्या किड्यांचे भक्षक एवढ्याच नात्याने क्लेरिडी तेथे येतात. बांबूतील डायनोडेरस या भुंगेऱ्यांवर जगणारी टिलॉइडिया नोटाटा ही जात अशा दृष्टीला सहज दिसते. दुकानातील खोबऱ्यावर आणि माळावरील जनावराच्या सांगाड्यावर जगणारी नेक्रोबिया तिच्या कक्षेबाहेर राहते. १९५० साली कॉर्पोराल यांनी जगातील क्लेरिडींची सूची सिद्ध केली. तिचे मोल मोठे आहे. तथापि सूची ही पूर्वीच्या लेखनाची नोंद असते, नमुन्यांची फेरतपासणी नव्हे. तिच्यातील देशनामे जशीच्या तशी उचलून ‘प्रसार’ या मथळ्याखाली छापणे म्हणजे साक्षीदाराऐवजी साक्षीदाराविषयी ऐकलेली गोष्ट न्यायालयात सादर करण्यासारखे आहे.

धान्य व साठवणीच्या शास्त्राने या जातीकडे पाहिले ते निव्वळ कीड म्हणून. ही दृष्टीही अर्धीच आहे. रूफिपेसची अळी खोबरे, सुकी मासळी व चरबीयुक्त मांस खाते हे खरे. त्याचबरोबर ती माश्यांच्या व डर्मेस्टिसच्या अळ्याही खाते, प्रसंगी स्वजातीयांनाही सोडत नाही. तिचा जोर ओलसर व बुरशी धरलेल्या खोबऱ्यावर अधिक असतो; सुमारे ६ टक्के ओलाव्यापर्यंत नीट वाळविलेल्या खोबऱ्यावर तिला तितकी अनुकूलता लाभत नाही. अर्थात दुकानात ती दिसणे हे कित्येकदा माल नीट न वाळल्याचे चिन्ह असते. तिला एकाच वेळी कीड, भक्षक व निदर्शक म्हणून पाहावे लागते, आणि ते तिचे नाव नक्की झाल्याशिवाय करता येत नाही.

५. ‘जगभर’ म्हणजे कोठे?

आता प्रसाराकडे वळू. ‘जगभर आढळते’ हे विधान रूफिपेसबाबत चुकीचे नाही. उष्ण प्रदेशांत तर ती विशेषच आढळते. मात्र हे विधान एखाद्या गावाविषयी काहीच सांगत नाही. प्रसाराविषयीच्या ज्ञानातील अशा पोकळीला जीवभूगोलात वॉलेसच्या नावावरून ‘वॉलेसीय तूट’ म्हणतात. लोमोलिनो यांनी २००४ मध्ये ही संज्ञा मांडली. दुर्मिळ जातींबाबत ही तूट ठळकपणे जाणवते. सर्वव्यापी समजल्या गेलेल्या जातींबाबत ती झाकली जाते, आणि म्हणून अधिक काळ टिकते.

परळी वैजनाथचे उदाहरण घेऊ. बालाघाटाच्या डोंगररांगेतील हे गाव ज्योतिर्लिंगाच्या मान्यतेमुळे यात्रेकरूंचे आणि जंक्शनामुळे रेल्वेचे. श्रावणात व महाशिवरात्रीला येथे गर्दी लोटते. नारळ हे या अवर्षणप्रवण भागाचे मुख्य पीक नव्हे. पूजेचा नारळ आणि खोबरे प्रामुख्याने बाहेरून येते. समजा, एखाद्या विद्यार्थ्याला येथील दुकानातील खोबऱ्याच्या पोत्यात रूफिपेसचे दोन प्रौढ भुंगेरे मिळाले आणि त्याने लिहिले : ‘परळी येथे आढळ.’ हे वाक्य खरे आहे काय?

या एका वाक्यात तीन भिन्न शक्यता दडलेल्या आहेत. पहिली, भुंगेरे दूरच्या गोदामातून पोत्याबरोबर आले आणि येथे त्यांची वीण झालेली नाही. ही आयात मालासोबतची आवक आहे, प्रसार नव्हे. दुसरी, त्याच पोत्यात वा दुकानात अळ्या व कोशही आहेत. म्हणजे साठवणीच्या आश्रयाने येथे वीण होत आहे. तिसरी, गावाबाहेर सुकलेल्या शवांवर, हाडांच्या ढिगांवर ती स्वतंत्रपणे वाढते आहे. या तिसऱ्या अवस्थेतच तिला परळीच्या प्राणिसृष्टीचा घटक म्हणणे पूर्णार्थाने योग्य ठरेल. तीनही शक्यतांना ‘आढळ’ हा एकच शब्द लावला की ममीच्या डोक्यातील भुंगेऱ्याचा प्रश्न आपल्या दारात येऊन उभा राहतो.

हा भेद केवळ शब्दांचा कीस नाही. मृत्यूनंतर लोटलेल्या काळाच्या अनुमानासाठी न्यायवैद्यकात शवावरील कीटकांच्या क्रमाचा उपयोग केला जातो. नेक्रोबिया त्या क्रमात उशिरा, शव सुकू लागल्यावर, डर्मेस्टिसच्या जोडीने येते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात शव किती लवकर सुकते आणि त्यानुसार हा क्रम कसा बदलतो, हे येथेच पाहावे लागेल; थंड देशांतील कोष्टके येथे जशीच्या तशी लागू करता येणार नाहीत. रूफिपेस गावाबाहेर मुक्तपणे वाढते की केवळ दुकानात, या प्रश्नाच्या उत्तरावर तेव्हा एखाद्या माणसाच्या अपराधाचा वा निर्दोषत्वाचा पुरावा अवलंबून असू शकतो.

६. महाविद्यालयीन नियतकालिकांची जबाबदारी

मराठवाड्यासारख्या प्रदेशात स्थानिक कीटकांच्या नोंदी प्राधान्याने महाविद्यालयीन प्राध्यापक व विद्यार्थीच करू शकतात. पुण्यातील भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे केंद्र किंवा मुंबईतील बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी यांच्या अभ्यासकांना प्रत्येक तालुक्यात वर्षभर फिरणे शक्य नाही. म्हणून आपल्या सूचींना महत्त्व आहे, आणि म्हणूनच त्यांची चिकित्सा कठोर असावयास हवी.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने शोधनिबंधांना गुण जोडले. नियतकालिकांच्या दर्जासाठी २०१८ मध्ये केअर यादीची योजना जाहीर झाली व २०२५ मध्ये ती मागेही घेण्यात आली. या सर्व काळात निबंध कोठे छापला याची पुष्कळ चर्चा झाली; त्यातील नमुना कोठे ठेवला, हा प्रश्न क्वचितच विचारला गेला. सूचीवजा निबंध लिहिण्यास सोपा असतो. नावांची यादी, शेजारी खूण आणि शेवटी जैवविविधतेच्या समृद्धीबद्दल एक वाक्य. अशा यादीतील एखादे नाव चुकीचे आहे असे सिद्ध करण्याचा मार्गच वाचकापाशी नसतो. जे खोडून काढता येत नाही, त्याला विज्ञानात पुरावा म्हणत नाहीत.

कायदाही येथे पुरेसा पडत नाही. जैविक विविधता अधिनियम, २००२ च्या कलम ३९ नुसार नव्याने शोधलेल्या वर्गघटकाचा नमुना नियुक्त भांडारात जमा करणे बंधनकारक आहे. ज्ञात जातीची नव्या ठिकाणची नोंद या तरतुदीत येत नाही. ती पोकळी संपादकांनी व परीक्षकांनी भरावयाची आहे. छायाचित्रांच्या आधारे आंतरजालावर होणाऱ्या नोंदींनी काही मदत होते, परंतु पाठीचे एकच छायाचित्र पाहून अनेकांनी दिलेली संमती ही शृंगिका व गुल्फ पाहून केलेल्या निश्चितीची जागा घेऊ शकत नाही.

प्रस्तुत लेखकाच्या मते, भुंगेऱ्यांच्या प्रसारनोंदीसाठी परीक्षकाने पुढील गोष्टींचा आग्रह धरावा. नमुन्याला क्रमांक व स्थळ-दिनांकाची चिठ्ठी असावी आणि तो कोणत्या संग्रहात आहे हे नमूद असावे. ओळखीसाठी वापरलेल्या किल्लीचा व ओळख करणाऱ्याचा उल्लेख असावा. निर्णायक लक्षणांची चित्रे असावीत. कीटक कोणत्या द्रव्यावर, कोणत्या अवस्थेत व किती संख्येने मिळाला, अळी वा कोश होते की नाही, माल कोठून आला, हे लिहावे. आणि शोधूनही जेथे तो मिळाला नाही, त्या जागांची नोंद द्यावी. यांपैकी कशासाठीही महागडे उपकरण लागत नाही. लागतात त्या टाचण्या, नमुन्यांची पेटी, डांबरगोळ्या, भिंग आणि नोंदवही.

निष्कर्ष

नेक्रोबिया रूफिपेस हा दुर्मिळ कीटक नाही, आणि तो परळीत मिळाल्याने कोणाच्या नावे नवा शोध जमा होणार नाही. त्यामुळेच तो कसोटीसाठी योग्य आहे. ज्या जातीची ओळख सोपी व प्रसार सर्वज्ञात मानला जातो, तिच्याबाबत आपण पुरावा ठेवला तर अवघड जातींबाबतही ठेवू. ‘सर्वत्र आढळतो’ हा शेरा निष्कर्ष म्हणून नव्हे तर प्रश्न म्हणून वाचावयास हवा : सर्वत्र म्हणजे येथेही काय, येथे म्हणजे दुकानात की माळावर, आणि हे पाहणाऱ्याने नमुना कोठे ठेवला आहे? या तीन प्रश्नांची उत्तरे देणारी दोन पानांची नोंद ही शंभर नावांच्या निराधार यादीपेक्षा अधिक काळ उपयोगी पडेल. महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागातील एक व्यवस्थित ठेवलेली कीटकपेटी हा त्या दिशेने आरंभ ठरू शकतो.